डोंगराचे अवयव : मलंगगड–माथेरान रांगेचे भूरूप आणि त्याची मराठी नावे

१. विषयप्रवेश

भूगोलाचा विद्यार्थी पर्वताचा अभ्यास आरंभतो तो बहुधा आल्प्सपासून. हिमगव्हर, गिरिशृंग, शुककूट, मेषशिला, हिमोढ ही नावे त्याने शालेय वयातच पाठ केलेली असतात. या संज्ञा परिश्रमपूर्वक घडविलेल्या आहेत आणि त्यांची योग्यता येथे नाकारावयाची नाही. तथापि त्यांनी दर्शविलेली एकही वस्तू महाराष्ट्रात प्रत्यक्ष दाखविता येत नाही, कारण हिमनदीने कोरलेला डोंगर या प्रदेशात नाही. उलट जे डोंगर आपल्या डोळ्यांसमोर आहेत त्यांच्या अवयवांना आपल्याच भाषेत कडा, पदर, नाळ, सोंड, माची, नेढे अशी नेमकी नावे आहेत; परंतु शास्त्रीय परिभाषेत त्यांना स्वतंत्र स्थान क्वचितच लाभले आहे.

ही लोकप्रचलित नावे स्वैर किंवा केवळ काव्यमय आहेत काय, की त्यांच्यामागे खडकाच्या रचनेचे काही निरीक्षण आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी एकच डोंगररांग निवडली आहे. बदलापूरच्या मांजर्ली भागातून रेल्वेमार्गापलीकडे नजर टाकली असता जी रांग क्षितिज अडवून उभी दिसते, ती मलंगगड–माथेरानची रांग होय. ती लहान आहे, सुगम आहे आणि तिच्या पायथ्याशी मराठीच्या अनेक बोली नांदत आल्या आहेत. भाषेच्या अभ्यासकाला आणि भूगोलाच्या अभ्यासकाला एकत्र फिरता येईल असे हे क्षेत्र आहे.

२. रांगेचे स्थान

कल्याणच्या दक्षिणेस मलंगगडापाशी ही रांग आरंभ पावते. तेथून तावली, नवरा-नवरीचे सुळके, चंदेरी, म्हैसमाळ, नाखिंद आणि पेब असे क्रमाने पुढे येऊन ती माथेरानच्या विस्तीर्ण माथ्याला मिळते. माथेरानच्या पश्चिमेस प्रबळगड आणि दक्षिणेच्या अंगास इर्शाळगड हे तिचेच आप्त होत. रांगेची एकंदर दिशा उत्तर-दक्षिण आहे. तिच्या पूर्वेकडील पाणी उल्हास नदीला मिळते आणि कल्याणजवळून वसईच्या खाडीकडे जाते. पश्चिमेकडील पाणी गाढी नदीसारख्या प्रवाहांनी पनवेलच्या खाडीत उतरते. म्हणजे उंचीने सामान्य असूनही ही रांग एक जलविभाजक आहे. ठाणे आणि रायगड या जिल्ह्यांची सीमाही काही अंतर तिच्या आधाराने गेलेली आहे.

उंचीचे आकडे नम्र आहेत. माथेरानचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. मलंगगड आणि चंदेरी त्याहून किंचित कमी. आल्प्समधील मॅटरहॉर्न ४,४७८ मीटर उंच आहे. परंतु पाहणाऱ्याला डोंगर किती उंच वाटतो हे समुद्रसपाटीवरून ठरत नाही. तो पायथ्यापासून किती सरळ उठतो यावरून ठरते. उल्हासचे खोरे समुद्रसपाटीहून थोडेच वर असल्यामुळे रांगेची जवळजवळ सारी उंची एकदम नजरेत भरते.

येथे दिशांच्या नावांविषयी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. मांजर्ली हा बदलापूर 'पश्चिमे'चा भाग मानला जातो, आणि रांग ज्या अंगाला आहे तो भाग 'पूर्व' म्हणून ओळखला जातो. होकायंत्राने पाहिल्यास वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग कल्याणपर्यंत साधारणतः उत्तरेकडे व ईशान्येकडे जातो. त्याच्या डाव्या हाताला पश्चिम व उजव्या हाताला पूर्व हे तेथवर यथार्थ आहे. कल्याणहून कर्जतकडे जाणारा फाटा मात्र आग्नेयेकडे वळतो. मार्ग वळला, नावे वळली नाहीत. डावी बाजू 'पश्चिम'च राहिली, जरी ती आता ईशान्येस आली. उजवी बाजू 'पूर्व'च राहिली, जरी ती नैर्ऋत्येस गेली. परिणामी बदलापुरात सूर्य रोज लोहमार्गाच्या 'पूर्वे'ला मावळतो, आणि याचे कोणालाही नवल वाटत नाही. स्थलवाचक शब्दाचा अर्थ त्याच्या वापरणाऱ्याच्या व्यवहारातून ठरतो, नकाशावरून नव्हे, या तत्त्वाचे याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण. पुढील विवेचनाचा पायाही हेच तत्त्व आहे.

३. घडलेला डोंगर आणि उरलेला डोंगर

आल्प्स आणि सह्याद्री यांतील मूलभूत भेद उंचीचा नाही, उत्पत्तीचा आहे. आफ्रिकेकडील भूपट्ट आणि युरोपचा भूपट्ट एकमेकांवर रेटले गेल्यामुळे आल्प्सचे थर दुमडले, उलटले आणि एकावर एक चढले. मॅटरहॉर्नच्या शिखराचा खडक मूळच्या दक्षिणेकडील भूपट्टाचा असून त्याखालचे थर मधल्या लुप्त सागराच्या तळाचे आहेत, असे भूशास्त्रज्ञ दाखवितात. पुढे हिमनद्यांनी चारही बाजूंनी कोरून त्याला आजचा चौकोनी मनोऱ्याचा आकार दिला. आल्प्स हा दाबाने घडलेला पर्वत आहे.

आपली रांग तशी नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्ह्याचे प्रवाह एकामागून एक बाहेर पडले आणि आडवे पसरून थिजले. आज दख्खनचा हा लाव्हाप्रदेश सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापतो. त्यानंतर भारताची पश्चिम कड तुटून खचली. पाण्याने आणि हवामानाने ती कड झिजत झिजत पूर्वेकडे सरकली. आजचा सह्याद्रीचा मुख्य कडा म्हणजे त्या माघारीची सध्याची सीमा होय. माघार घेताना काही भाग मागे सुटले, आणि माथेरानची रांग ही अशा सुटलेल्या भागांपैकी एक आहे. कर्जतच्या पूर्वेस दिसणारा सह्याद्रीचा मुख्य कडा आणि माथेरान यांचे थर एके काळी सलग होते. मधला प्रदेश उल्हास आणि तिच्या उपनद्यांनी वाहून नेला. आल्प्स घडलेला आहे, तर माथेरान उरलेले आहे.

या उरलेल्या डोंगराची रचना पायऱ्यांची आहे. प्रत्येक लाव्हाप्रवाहाचा मधला भाग घट्ट, एकजीव आणि उभ्या भेगांनी चिरलेला असतो. तो झिजताना सरळ तुटतो. प्रवाहाचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र राहतो. तो लवकर कुजतो आणि त्याचा उतार होतो. दोन प्रवाहांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या, भाजल्यासारख्या मातीचा पट्टा आढळतो. घट्ट आणि मऊ असे थर आलटून पालटून आल्यामुळे उभी भिंत, मग उतार, पुन्हा भिंत, पुन्हा उतार असा क्रम डोंगरावर दिसतो. या खडकाला भूशास्त्रात 'ट्रॅप' असे नाव पडले तेही 'पायरी' या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. मात्र पनवेलच्या आसपास हेच थर समुद्राकडे कललेले आढळतात. त्यामुळे रांगेच्या पश्चिमेस गेल्यावर थर सर्वत्र आडवेच असतील असे गृहीत धरू नये.

४. नावांची व्यवस्था

आता या रचनेशेजारी मराठी शब्द ठेवून पाहावेत.

घट्ट थराच्या उभ्या भिंतीला 'कडा' म्हणतात. तिच्या खाली किंवा वर, मऊ थरामुळे जो सपाट वा मंद उताराचा पट्टा डोंगराला वेढून राहतो तो 'पदर'. वस्त्राच्या पदरासारखा तो डोंगराच्या अंगावरून आडवा गेलेला असतो. कर्जत तालुक्यात भीमाशंकरच्या खाली 'पदरगड' या नावाचा किल्लाच आहे. तो कोकण आणि घाटमाथा यांच्या मधल्या अशाच पट्ट्यावर उभा आहे. पदरावर माती टिकते, माती टिकते म्हणून पाणी मुरते, आणि म्हणून तेथे रान, नाचणी-वरीची शेते आणि पाडे आढळतात. म्हणजे 'पदर' या एका शब्दात खडकाचा गुण, पाण्याची उपलब्धता आणि वस्तीची शक्यता या तिन्हींची नोंद आहे.

पदराचा एखादा भाग रुंद असून माणसाने राहण्यासाठी वा रक्षणासाठी वापरला म्हणजे तो 'माची' होतो. हा शब्द संस्कृत 'मञ्चिका' पासून आलेला असून बसावयाची उंच जागा हा त्याचा मूळ अर्थ. मलंगगडाचे तीन टप्पे याचे उत्तम उदाहरण आहेत : खाली पीरमाची, तिच्या वर सोनमाची आणि सर्वांत वर बालेकिल्ला. किल्ला बांधणाऱ्याने हे टप्पे निर्माण केले नाहीत. लाव्ह्याच्या थरांनी ते आधीच दिलेले होते. त्याने त्यांना तटबंदी आणि नाव दिले. पदर आणि माची यांत भूरूप साधारणतः एकच आहे, भेद उपयोगाचा आहे. आणि भाषेने तो भेद काटेकोर राखला आहे.

डोंगरापासून सुटून खाली उतरत जाणारा लांबट फाटा म्हणजे 'सोंड', संस्कृत 'शुण्डा'. तो अरुंद व धारदार असेल तर 'धार'. दोन्ही बाजूंनी झिजलेल्या रांगेतील सखल जागा 'खिंड'. उभ्या भेगांच्या आधाराने चारही अंगांनी झिजून एकटा उरलेला खांब म्हणजे 'सुळका'. आणि अरुंद धारेतील खडक दोन्हीकडून पोखरला जाऊन आरपार भोक पडले तर ते 'नेढे', म्हणजे सुईचे छिद्र. इर्शाळगडाचे आणि राजगडाचे नेढे प्रसिद्ध आहेत. सुळका आणि नेढे ही दोन्ही झिजेच्या शेवटच्या अवस्थेची चिन्हे आहेत, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

'नाळ' हा शब्द विशेष विचार करण्याजोगा आहे. कड्याला उभी चीर पडून तिच्यातून पावसाळ्यात पाणी आणि उन्हाळ्यात माणूस उतरतो, ती नाळ. लाव्ह्याच्या थरांना छेदून वर आलेल्या उभ्या पाषाणपट्ट्यांना भूशास्त्रात डाइक म्हणतात व मराठी परिभाषेत त्यांना 'भित्ती' असे नाव आहे. कल्याण-मुरबाडपासून किनाऱ्यापर्यंतच्या पट्ट्यात अशा भित्ती पुष्कळ आहेत. भित्तीचा खडक शेजारच्या खडकाहून टणक असेल तर ती खरोखर भिंतीसारखी उभी राहते. परंतु तो अधिक लवकर झिजणारा असेल तर तेथे भिंतीऐवजी नाळ तयार होते. म्हणजे 'भित्ती' हे नाव एकाच परिणामाला लागू पडते. पाणक्याने, गुराख्याने दिलेले 'नाळ' हे नाव दुसऱ्या परिणामाचे आहे. दोन्ही शब्द जवळ असतील तरच घटना पुरी समजते.

या शब्दांची वर्गवारी केली तर त्यांचे तीन गट पडतात. माथा, पायथा, सोंड, कूस, शेंडी हे शरीराचे शब्द आहेत. पदर, नेढे हे वस्त्र आणि शिवण यांतील आहेत. माची, भिंत, शिडी हे घराचे आहेत. शरीर, वस्त्र आणि घर या माणसाच्या निकटच्या तीन वस्तूंवरून डोंगराचे अवयव ओळखले गेले. हे रूपक अलंकारासाठी योजलेले नाही. 'नेढे' म्हणताच आरपार भोक, अरुंद कड आणि त्याभोवतीचा पातळ खडक एकदम मनापुढे येतो. जी गोष्ट सांगण्यास भूगोलाच्या पुस्तकास एक वाक्य लागते ती येथे एका शब्दात येते. अशा घरगुती शब्दाने शास्त्रातही स्थान मिळविल्याचे एक समाधानकारक उदाहरण आहे. नदीच्या खडकाळ पात्रात दगडगोट्यांच्या घुसळणीने जे गोल खड्डे पडतात त्यांना मराठी भूगोलाने 'रांजणखळगे' म्हटले, आणि कुकडी नदीवरील निघोजचे रांजणखळगे आज शाळेतील मुलालाही ठाऊक आहेत. रांजणाला जे जमले ते पदराला का जमू नये?

५. नाव कोणी दिले?

डोंगराचे नाव डोंगर वापरणारा देतो, ही गोष्ट आल्प्सच्या बाबतीतही खरी आहे. ज्या शब्दाने युरोपची ही महान पर्वतरांग ओळखली जाते तो 'आल्प' हा शब्द तेथील जर्मनभाषक गुराख्यांच्या तोंडी शिखराचा वाचक नाही. उन्हाळ्यात गुरे नेण्याचे उंचावरचे कुरण, हा त्याचा अर्थ. दुरून पाहणाऱ्यांनी तो साऱ्या पर्वताला लावला. मॅटरहॉर्नच्या नावातही पहिले पद कुरणाचे आणि दुसरे शिंगाचे आहे. पायथ्याच्या झेरमॅट गावाच्या नावात तेच कुरण आहे.

आपल्याकडे हुबेहूब हेच 'घाट' या शब्दाचे झाले. संस्कृत 'घट्ट' पासून आलेल्या या शब्दाचा अर्थ उतरण्याची वाट. नदीचा घाट आणि डोंगराचा घाट या दोहोंत उतरणे समान आहे. नाणेघाट, बोरघाट ही वाटांची नावे आहेत. परकीयांनी वाटेचे नाव पर्वताला दिले आणि सह्याद्री 'पश्चिम घाट' झाला. इकडे वाट चालणाऱ्याचा शब्द, तिकडे गुरे राखणाऱ्याचा शब्द. दोहोंचा विस्तार बाहेरून पाहणाऱ्यांनी केला. आपल्या रांगेतील 'म्हैसमाळ' या शिखराच्या नावाचे तर मॅटरहॉर्नशी थेट साम्य आहे : दोन्हींत शिखराची ओळख चराईच्या जागेवरून झाली. खुलताबादजवळही याच नावाचे ठिकाण आहे, म्हणजे हा नामप्रकार एकाकी नाही.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. 'माथेरान' आणि 'मॅटरहॉर्न' यांचे ध्वनिसाम्य कानाला चमत्कारिक वाटते. परंतु त्यात योगायोगापलीकडे काही नाही. ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. 'माथेरान' याचा 'मातेचे रान' असा अर्थ काही जण सांगतात. 'माते' मधील 'त' चा 'थ' का झाला याचे स्पष्टीकरण त्यात मिळत नाही. उलट 'माथा' हा शब्द 'मस्तक' पासून प्राकृत 'मत्थअ' च्या द्वारे नियमाने येतो आणि 'रान' हा 'अरण्य' पासून 'रण्ण' च्या द्वारे तसाच नियमाने येतो. शिवाय माथ्यावरचे रान हे त्या ठिकाणाचे यथार्थ वर्णन आहे. ध्वनीचा नियम आणि वस्तूचे रूप या दोन साक्षी जुळल्या म्हणजे व्युत्पत्ती ग्राह्य धरण्यास हरकत नसते. 'मांजर्ली' या नावासंबंधी मात्र अशा दोन साक्षी मिळत नाहीत. डोंबिवली, बोरिवली यांतील '-वली' हे 'पल्ली' चे रूप मानले जाते; मांजर्लीतील अंत्य '-ली' त्याच जातीची आहे काय, हे जुन्या दप्तरातील रूपे पाहूनच ठरवावे. केवळ मांजराची आठवण होते म्हणून ते नाव मांजरावरून पडले असे म्हणणे शास्त्राला धरून नाही.

मे १८५० मध्ये ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू पॉइंट्झ मॅलेट माथेरानवर चढले आणि त्यानंतर तेथे थंड हवेचे ठिकाण वसले. १९०७ मध्ये नेरळहून अरुंद मापाची रेल्वे वर पोचली. या काळात डोंगराला नावांचा एक नवाच थर मिळाला : लुइझा, पॅनोरमा, पॉर्क्युपाइन, अलेक्झांडर, एको असे 'पॉइंट'. हे शब्द वरून खाली पाहणाऱ्याचे आहेत. कडा, नाळ, पदर हे शब्द खालून वर जाणाऱ्याचे किंवा मध्ये राहणाऱ्याचे आहेत. 'पॉइंट' म्हणजे जेथे थांबून दृश्य पाहावयाचे ती जागा. त्या जागेचा खडक कसा, तेथून वाट उतरते की नाही, पाणी कोठे मिळेल, यांतले काहीही तो शब्द सांगत नाही. दोन्ही नामव्यवस्था आपापल्या व्यवहारास पुरेशा आहेत. परंतु एकीने दुसरीचे काम होत नाही.

६. पाणी, रान आणि माणूस

पावसाळ्यात ही रांग समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांना अडविते. माथेरानचा वार्षिक पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या आसपास असतो. माथ्यावर जांभ्या दगडाचा थर आहे. तो सच्छिद्र असल्यामुळे काही पाणी मुरते व खालच्या घट्ट खडकापाशी अडून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. माथेरानची प्रसिद्ध तांबडी धूळ याच थराची. पण बेसाल्टच्या उभ्या अंगावर पडलेले पाणी थांबत नाही. ते नाळांनी उतरते, ओढ्यांतून उल्हासला मिळते आणि नदी काही तासांत फुगते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत माथेरानची रेल्वे वाहून गेली व ती पुन्हा सुरू होण्यास २००७ उजाडले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. डोंगर आणि नदीकाठ यांचा अभ्यास वेगळा करता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

बदलापूरहून तावलीच्या पायथ्याकडे जाताना कोंडेश्वर लागते. ओढ्यातील खोल डोहाला 'कोंड' म्हणतात, आणि नावातील पहिल्या पदाचा या शब्दाशी संबंध उघड दिसतो. वरून शांत दिसणारे खोल पाणी, हा या शब्दाचा आशय आहे. तो ठाऊक असलेला मनुष्य अशा पाण्यात उतरताना थबकतो.

उतारांवर साग, ऐन, खैर, पळस, काटेसावर यांचे पानझडी रान आहे. माथेरानच्या माथ्यावर जांभूळ, अंजनी, हिरडा यांचे दाट, बव्हंशी हिरवे राहणारे रान आहे. उतारांवरची कारवी सुमारे सात वर्षांनी एकदा फुलते व मग वाळते. तिच्या काठ्यांवर मातीचा गिलावा देऊन कुडाच्या भिंती होत आल्या. खैरापासून कात काढणारे ते कातकरी. त्यांच्या नावातच त्या वृक्षाचा व्यवसाय आहे. ठाकर, कातकरी आणि धनगर यांच्या वस्त्या या रांगेवर व तिच्या पायथ्याशी जुन्या आहेत. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) ठाकरी, कातकरी, आगरी या बोलींची नोंद आहे. परंतु त्या नोंदी व्याकरणाच्या आणि कथेच्या नमुन्यापुरत्या आहेत. डोंगराच्या अवयवांचे शब्द त्यांत शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. मोल्सवर्थच्या कोशाने (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने (१९३२–३८) पुष्कळ शब्द जतन केले, तथापि कोशात शब्द सुटा असतो, तो कोणत्या उतारावरचा, हे कोश सांगू शकत नाही.

७. 'दरड' या शब्दाची शिकवण

एका शब्दाचा अर्थपालट येथे मुद्दाम नमूद केला पाहिजे. 'दरड' म्हणजे मुळात नदीची वा डोंगराची उभी, तुटलेली बाजू. 'दरड कोसळली' या वाक्यात दरड ही कोसळण्यापूर्वीही तेथे होती, तिला नाव होते, आणि ते नाव घेणाऱ्याला ती दिसत होती. आज वृत्तपत्री भाषेत 'दरड' म्हणजे कोसळण्याची घटना, असाच अर्थ रूढ होत चालला आहे. वस्तूचे नाव घटनेचे नाव झाले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा नेहमीचा अर्थसंक्रम आहे. व्यवहाराच्या दृष्टीने मात्र त्यात हानी आहे, कारण जी उभी आहे आणि अद्याप पडलेली नाही तिला आता नाव उरलेले नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या ठाकरवस्तीवर डोंगराचा भाग कोसळला. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता असताना शोध थांबवावा लागला. त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव असेच गाडले गेले होते. अशा दुर्घटनांची कारणे पाऊस, कुजलेला खडक, मातीची जाडी, उताराचा कोन यांत शोधावयाची असतात, आणि ते काम भूशास्त्राचे आहे. शब्द जपले असते तर माणसे वाचली असती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे व निर्दयपणाचेही होईल. परंतु एवढे म्हणता येईल की, उतारावर राहणारा आणि उताराची पाहणी करणारा यांच्यात संवाद व्हावयाचा असेल तर दोघांजवळ त्या उताराच्या अवयवांचे सामायिक शब्द हवेत. 'पदराची माती सुटली आहे', 'नाळेचे पाणी दुसरीकडून वाहू लागले आहे' असे पाड्यावरचा मनुष्य सांगतो तेव्हा ते एक नेमके क्षेत्रनिरीक्षण असते. ऐकणाऱ्याला पदर आणि नाळ हे शब्द अपरिचित असतील तर ते निरीक्षण वाया जाते.

८. पुढील कार्य

बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर ही शहरे गेल्या काही दशकांत झपाट्याने वाढली. उल्हासनगरचे नाव १९४९ मध्ये नदीवरून ठेवले गेले. आज नदी माहीत नसलेल्यालाही ते शहर माहीत असते. नावे अशी वस्तूपासून सुटून प्रवास करतात, त्यात खेद करण्यासारखे काही नाही. मात्र ज्या नावांची वस्तू अजून जागेवर आहे आणि वापरणारे मात्र डोंगर उतरून शहरात आले आहेत, ती नावे एका पिढीत नाहीशी होऊ शकतात. माथेरान व त्याचा परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित आहे. झाडाला आणि उताराला त्यामुळे कायद्याचे संरक्षण लाभले. शब्दाला असे संरक्षण देता येत नाही, त्याची नोंदच करावी लागते.

ही नोंद करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक नावासोबत चार गोष्टी टिपाव्यात. पहिली, नाव सांगणारा कोठे उभा राहून ते सांगत आहे. कारण वरून दिसणारी सोंड खालून कडा वाटू शकते. दुसरी, त्या जागेचा तो कशासाठी उपयोग करतो : गुरे, लाकूड, पाणी, वाट, देवस्थान की शिकार. तिसरी, त्याच भूरूपाला शेजारच्या पाड्यावर, दुसऱ्या बोलीत काय म्हणतात. चौथी, तेथील खडक आणि उतार, ज्यासाठी भूगोल विभागाच्या सहाध्यायाला बरोबर न्यावे. नाव उच्चारात जसे ऐकू येईल तसेच लिहावे. नकाशातील रोमन वर्णांवरून परत देवनागरीत आणू नये, कारण त्या फेऱ्यात ट आणि त, ड आणि द, ल आणि ळ यांचा भेद नष्ट होतो, आणि व्युत्पत्तीचा निर्णय नेमका त्याच भेदावर अवलंबून असतो.

शासनाच्या भाषा संचालनालयाने १९६० नंतर निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषाकोश सिद्ध केले. अन्य देशांतील भूरूपांसाठी संज्ञा घडविणे अपरिहार्यच होते, आणि ते कार्य झाले. आपल्या भूरूपांसाठी संज्ञा घडवाव्या लागणार नाहीत. त्या तयार आहेत. मलंगगडाच्या माचीपासून इर्शाळच्या नेढ्यापर्यंतची सुमारे वीस-पंचवीस किलोमीटरची रांग, तिचे दोन्हीकडचे पाडे आणि दोन पावसाळ्यांमधला एक कोरडा ऋतू एवढी सामग्री पहिल्या नोंदीस पुरेशी आहे. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रबंधिकेसाठी हा विषय घेतला तर भाषाशास्त्र आणि भूगोल या दोन्ही विभागांना त्याचा उपयोग होईल, आणि पदरावर राहणाऱ्यांच्या शब्दाला पाहणीच्या अहवालात जागा मिळू लागेल.